विषाची वही: हे-ऑन-वाय, १९२१

छोटं गाव, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, चारच्या चहाला कुणाकडे तरी जाणं-येणं, आणि एक दिवस त्या चहाबरोबर विष. रहस्यकथेचा हा साचा पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये रुळला. त्यात छडा लावणारं माणूस पोलीस नसतं. गावातलंच कुणीतरी वयाने मोठं असतं, हातात वेळ असलेलं आणि घराघराची कुंडली पाठ असलेलं. वाचायला मजा येते, पण मनात कुठेतरी वाटतंच की हे सगळं लेखकाच्या सोयीचं आहे. खरोखरच्या विषप्रयोगाचा माग गावातले सासरेबुवा कसे काय काढणार?

एकदा काढला आहे, आणि तोही त्याच काळात, त्याच मुलुखात: हे-ऑन-वाय या गावात, एका केमिस्टने, म्हणजे औषधविक्रेत्याने. या प्रकरणावर खटल्याच्या अंगाने खूप लिहिलं गेलं आहे. इथे मला ते तपास करणाऱ्याच्या बाजूने बघायचं आहे. कथेत एक टप्पा नेहमी उडवला जातो. शंका तर आली, पण पुरावा हातात नाही, आणि ज्याच्यावर शंका आहे तो रोज समोरून जातो-येतो. या मधल्या काळात करायचं काय?

गाव आणि दोन वकील

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी हे-ऑन-वाय वसलं आहे. आज ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे जगभर ठाऊक आहे. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ करताना डोळ्यांसमोर हेच गाव होतं. १९२१ मध्ये मात्र ते आसपासच्या शेतकऱ्यांचं बाजाराचं गाव होतं. वकिलांची कार्यालयं दोन, दोन्ही ब्रॉड स्ट्रीटवर, अगदी समोरासमोर.

एका कार्यालयात मेजर हर्बर्ट राउज आर्मस्ट्राँग. केंब्रिजचा पदवीधर, १९०६ पासून गावात, युद्धात मिळालेलं मेजरपद नंतरही मिरवणारा, अंगाने अगदी किरकोळ. स्थानिक मॅजिस्ट्रेटांच्या कोर्टाचा क्लार्कही तोच. हे पद साध्या कारकुनाचं नव्हतं. मॅजिस्ट्रेट म्हणजे गावातली प्रतिष्ठित मंडळी, कायदा शिकलेली असतीलच असं नाही. कायदा काय म्हणतो हे त्यांना क्लार्क सांगायचा. थोडक्यात, गावात कुणाबद्दल तक्रार करायची तर ती ज्या कोर्टासमोर जाणार, तिथे कानाशी बसलेला माणूस आर्मस्ट्राँग. हा मुद्दा पुढे फार कामाचा ठरतो.

रस्त्यापलीकडच्या कार्यालयात ऑस्वाल्ड मार्टिन. तरुण, युद्धात जखमी होऊन परतलेला, १९१९ मध्ये गावात आला. जून १९२१ मध्ये त्याने गावातल्या केमिस्टच्या मुलीशी, कॉन्स्टन्सशी लग्न केलं. सासऱ्यांचं नाव जॉन फ्रेड डेव्हिस. आपले तपासनीस ते हेच.

आधीचा मृत्यू

आर्मस्ट्राँगची बायको कॅथरीन करारी आणि शिस्तीची होती. घरात दारूला मनाई. नवऱ्याला चारचौघांत टोकायलाही ती मागेपुढे पाहत नसे, असं गाव म्हणायचं. जुलै १९२० मध्ये तिचं नवं मृत्युपत्र झालं. जुन्यात बहुतेक सगळं मुलांच्या नावे होतं, नव्यात सगळं नवऱ्याच्या नावे, आणि मजकुराचं अक्षर नवऱ्याचं. पुढच्याच महिन्यात तिला भ्रम होऊ लागले, तब्येतही ढासळली. तिला ग्लॉस्टरच्या बार्नवुड हाउस या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथे ती हळूहळू सुधारली. २२ जानेवारी १९२१ ला घरी आली आणि बरोबर एका महिन्याने, २२ फेब्रुवारीला वारली. डॉ. हिंक्स यांनी जठराची सूज, हृदयविकार अशी कारणं लिहून दाखला दिला. नवऱ्याला २,२०० पौंडांहून थोडं जास्त मिळालं.

कुणाला काही खटकलं नाही. डॉक्टरांना यात बोल लावणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. आर्सेनिक या विषाची लक्षणं उलट्या, जुलाब, पोटात कळा अशी असतात, म्हणजे बिघडलेल्या पोटाचीच. थोडं थोडं बरेच दिवस पोटात जात राहिलं तर हातापायांतली ताकद जाते, कातडीचा रंग बदलतो. आधीच आजारी असलेल्या बाईच्या बाबतीत या प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण सापडतंच. पांढऱ्या आर्सेनिकला जाणवण्यासारखा वासही नाही आणि चवही नाही.

पाचशे पौंड आणि एक स्कोन

१९२१ च्या शरद ऋतूत दोन वकिलांमध्ये एका जमीनजुमल्याच्या व्यवहारावरून ताणाताणी सुरू झाली. आर्मस्ट्राँग विकणाऱ्याचा वकील. खरेदीदारांनी दिलेली ५०० पौंडांची इसाराची रक्कम त्याच्याकडे पडून होती. खरेदी वर्षभराहून जास्त रखडली होती. खरेदीदारांचा वकील मार्टिन. व्यवहार पुरा करा, नाहीतर पैसे परत द्या, असा त्याचा तगादा. पैसे परत करणं आर्मस्ट्राँगला जमत नसावं, एवढं त्याच्या चालढकलीवरून उघड दिसतं.

सप्टेंबरात मार्टिनच्या घरी टपालाने चॉकलेटचा एक डबा आला, पाठवणाऱ्याचं नाव नसलेला. ऑक्टोबरात घरी जेवायला आलेल्या भावजयीने त्यातली चॉकलेटं खाल्ली आणि ती आजारी पडली. पोट बिघडलं असेल, म्हणून विषय तिथेच संपला. उरलेली चॉकलेटं डब्यात राहिली.

मग आर्मस्ट्राँगने मार्टिनला चहाला बोलावलं, २६ ऑक्टोबरला. चहाला दोघंच. मार्टिनने नंतर सांगितलं त्याप्रमाणे यजमानाने लोणी लावलेला एक स्कोन (चहाबरोबर खातात तो छोटा पाव) उचलून थेट त्याच्या हातात दिला आणि वर म्हणाला, बोटांनीच देतोय, माफ करा. त्या रात्री मार्टिनला उलट्यांनी बेजार केलं. पुढचे काही दिवस तो अंथरुणाला खिळला. डॉ. हिंक्स आले, पित्ताचा झटका म्हणाले.

सासऱ्यांनी काय केलं

इथून पुढचं काम डेव्हिस यांचं. त्यांनी फार मोठी बुद्धी चालवली असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या ज्या गावात दुसऱ्या कुणाकडे एकत्र नव्हत्या.

पहिली, धंद्याची नजर. औषधाच्या दुकानात उभं आयुष्य गेलेल्या माणसाने पित्ताचे झटके ढिगाने पाहिलेले असतात. जावयाची अवस्था त्या मापात बसेना. दुसरी, घरात मोकळेपणाने वावरण्याचा हक्क. डॉक्टर लक्षणं विचारून निघून जातो. सासरा पलंगाशेजारी बसून “आजारी पडायच्या आधी कुठे काय खाल्लंस?” असं विचारू शकतो, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारू शकतो.

तिसरी गोष्ट खरी निर्णायक. ब्रिटनमध्ये १८५१ पासून आर्सेनिकच्या विक्रीला स्वतंत्र कायदा होता. दुकानदाराने प्रत्येक विक्री वहीत नोंदवायची: तारीख, घेणाऱ्याचं नाव-गाव, किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि खाली त्याची सही. घेणारा दुकानदाराच्या ओळखीचा हवा, नसेल तर ओळखीचा साक्षीदार हवा. शिवाय किरकोळ विक्रीचं आर्सेनिक काजळी किंवा नीळ घालून रंगवायचं, म्हणजे पिठात किंवा साखरेत चुकून मिसळलं तर ध्यानात येईल. या कायद्याने विषप्रयोग थांबले नाहीत. पण प्रत्येक केमिस्टच्या गल्ल्यामागे गावातल्या विषाचा हिशोब जमा होत गेला.

डेव्हिस यांच्या वहीत आर्मस्ट्राँगचं नाव होतं. त्यातली एक नोंद ११ जानेवारी १९२१ ची, पाव पौंड आर्सेनिक, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास. कारण तण मारण्याचं. पाव पौंड हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण माणूस मरायला साधारण दोन ग्रेन, म्हणजे १३० मिलिग्रॅम पुरतात. तण मारायला तेव्हा आर्सेनिक सर्रास वापरत, त्यामुळे नोंदीत वावगं काही नव्हतं. वावगी होती ती तारीख. ऐन जानेवारीत बागेत कसलं तण? आणि ती तारीख कॅथरीन घरी परतण्याच्या अकरा दिवस आधीची होती.

डेव्हिस डॉक्टरांकडे गेले आणि मनातली शंका बोलून दाखवली. एका केमिस्टने डॉक्टरला “तुमचं निदान चुकलंय” म्हणायचं, तेही गावातल्या सगळ्यात वजनदार वकिलाचं नाव घेऊन. दुकान चालवणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल! हिंक्स यांचंही कौतुक करायला हवं. त्यांनी हे धुडकावून लावलं नाही. उलट मार्टिनच्या आजाराचा विचार करता करता त्यांना फेब्रुवारीतली कॅथरीन आठवू लागली.

इकडे डेव्हिस यांनी लेक-जावयाला ताकीद दिली की आर्मस्ट्राँगकडचं काही खायचं-प्यायचं नाही, आणि घरी आलेल्या भेटवस्तूंपासूनही सावध राहायचं. भेटवस्तू म्हटल्यावर चॉकलेटच्या डब्याची आठवण निघाली. उरलेली चॉकलेटं उलटी करून पाहिली. एक-दोघांच्या तळाला बारीक भोक पाडून पुन्हा बुजवल्यासारखं दिसत होतं.

चॉकलेटं आणि मार्टिनच्या लघवीचा नमुना लंडनच्या क्लिनिकल रिसर्च असोसिएशनकडे गेला. दोन्हींत आर्सेनिक निघालं. लघवीत एका ग्रेनचा तेहेतिसावा भाग, म्हणजे जेमतेम दोन मिलिग्रॅम. माझ्या मते हौशी तपासनीस म्हणून डेव्हिस यांचं काम इथे संपलं, आणि तेही योग्य जागी संपलं. स्वतः आर्मस्ट्राँगच्या घरात डोकावणं, त्याला सापळ्यात पकडणं, चारचौघांत आरोप करणं असलं काही त्यांनी केलं नाही. कथेत हे सगळं होतं. इथे प्रकरण गावाबाहेर, लंडनच्या हाती सोपवलं गेलं. कोर्टाचा क्लार्कच संशयित असताना गावातल्या यंत्रणेकडे तक्रार नेणं म्हणजे त्याच्याच कानावर घालण्यासारखं होतं.

चहाची निमंत्रणं

गृह खात्याने घाई केली नाही. दोन मिलिग्रॅम आर्सेनिक आणि भोक पाडलेली चॉकलेटं यांवर एका सॉलिसिटरला अटक करायची आणि खटला कोसळला तर बदनामी पत्करायची, हे त्यांना परवडणारं नव्हतं. डिसेंबरात स्कॉटलंड यार्डचे चीफ इन्स्पेक्टर क्रचेट गुपचूप गावात आले. मार्टिन कुटुंबाला बजावलेलं होतं की आर्मस्ट्राँगला कसलाही संशय येता कामा नये.

आणि आर्मस्ट्राँग चहाला बोलावत राहिला. एकदा, दोनदा नव्हे, आठवड्यामागून आठवडे. फोन करून बोलावी, रस्त्यात गाठून बोलावी. मार्टिन कारणं सांगत राहिला: काम आहे, कुणी येणार आहे, बरं वाटत नाही. घरी येत नसाल तर कार्यालयातच चहा घेऊ, अशीही गळ घातली गेली. समोरासमोरची कार्यालयं असल्यावर “बाहेरगावी गेलो होतो” हे कारण चालत नाही, खिडकीतून सगळं दिसतं.

या भागावर नंतर बरेच विनोद झाले. मला त्यात विनोद कमी दिसतो. नकार फार ठाम झाला तर आरोपी सावध होणार, पुरावा नष्ट करणार. नकार सैल पडला तर पुन्हा स्कोन खावा लागणार. सभ्य समाजात चहाचं निमंत्रण सतत नाकारायला जागाच नसते, आणि आर्मस्ट्राँग नेमका त्याच भिडेवर जगत होता. गावाच्या ज्या छोटेपणामुळे डेव्हिस यांना वहीतलं नाव लगेच ओळखता आलं, त्याच छोटेपणामुळे त्यांच्या जावयाला दोन महिने पळायला वाट नव्हती.

अटक आणि खटला

३१ डिसेंबर १९२१ ला आर्मस्ट्राँगला त्याच्या कार्यालयात अटक झाली, आरोप मार्टिनच्या खुनाच्या प्रयत्नाचा. झडतीत कोटाच्या खिशातून एक छोटी पुडी निघाली. त्यात पावणेचार ग्रेन आर्सेनिक, एका माणसाला पुरून उरेल इतकं. दोन दिवसांनी कॅथरीनचं प्रेत दफनभूमीतून उकरून काढलं. शवविच्छेदनतज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी तपासणी केली. मृत्यूला दहा महिने उलटूनही शरीरात दोनशे मिलिग्रॅमच्या वर आर्सेनिक सापडलं. आता आरोप बायकोच्या खुनाचा झाला.

एप्रिल १९२२ मध्ये हेरफर्डला खटला चालला. न्यायमूर्ती डार्लिंग, सरकारकडून अॅटर्नी जनरल सर अर्नेस्ट पोलॉक, बचावाला सर हेन्री कर्टिस-बेनेट. बचावाचं म्हणणं असं की कॅथरीनने मानसिक आजारात स्वतःच विष घेतलं. त्याला दोन गोष्टी आडव्या आल्या. वैद्यकीय साक्ष अशी होती की विषाची मोठी मात्रा मृत्यूच्या आदल्या चोवीस तासांत पोटात गेली, आणि शुश्रूषा करणाऱ्या नर्सच्या सांगण्यानुसार त्या दिवसांत बाईला स्वतःच्या बळावर अंथरुणातून उठताही येत नव्हतं.

मग पुडी. आर्मस्ट्राँग म्हणाला, डँडेलियन नावाचं तण मारायला मी आर्सेनिकच्या वीस छोट्या पुड्या बांधल्या. एकेका झाडाच्या मुळाशी भोक पाडून एकेक पुडी रिकामी केली. एकोणीस संपल्या, विसावी खिशात राहून गेली. ऐकायला अगदीच अशक्य नाही. साक्ष संपत आली तेव्हा डार्लिंग यांनी स्वतः प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकाच मोठ्या पुडीतून थोडं थोडं टाकता आलं असतं, मग वीस पुड्या बांधायचा खटाटोप कशाला? आपण माणसाला मारण्याइतकी मात्रा खिशात घेऊन हिंडतोय, हे तुमच्यासारख्या वकिलाला सुचलं नाही? आयुष्यभर साक्षीदारांच्या जबान्या ऐकलेल्या आर्मस्ट्राँगला पटण्याजोगं उत्तर देता आलं नाही.

कायद्याच्या अभ्यासकांना या खटल्यात वेगळाच रस आहे. मार्टिनवरच्या विषप्रयोगाचा खटला शेवटपर्यंत चाललाच नाही, पण त्याचा पुरावा बायकोच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीसमोर ठेवला गेला. बचाव पक्षाने कडाडून विरोध केला: आठ महिन्यांनंतरच्या घटनेवरून आधीचा खून कसा सिद्ध होतो? अपील कोर्टाने मे १९२२ मध्ये तो पुरावा ग्राह्य ठरवला. आर्सेनिक तणासाठी घेतलं होतं, असं आरोपी म्हणतो. तेच आर्सेनिक तो माणसावर वापरताना दिसला, तर त्याचं म्हणणं खोडायला हा पुरावा चालतो. म्हणजे डेव्हिस यांनी जावयासाठी सुरू केलेल्या चौकशीने जावयाला कोर्टात न्याय मिळाला नाही. त्या चौकशीवर दुसऱ्याच एका मृत्यूचा निकाल लागला. ३१ मे १९२२ ला ग्लॉस्टरच्या तुरुंगात आर्मस्ट्राँगला फाशी झाली. ब्रिटनमध्ये खुनासाठी फासावर गेलेला तो एकमेव सॉलिसिटर.

तपासनीसावरचा आक्षेप

आर्मस्ट्राँग निर्दोष होता, असं मानणारेही आहेत. पुढच्या काळात त्याच गावात, त्याच्याच कार्यालयात वकिली करणाऱ्या आणि त्याच्याच घरात राहणाऱ्या एका सॉलिसिटरने १९९५ मध्ये या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला रोख डेव्हिस आणि मार्टिन यांच्यावरच आहे. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

डेव्हिस तटस्थ नव्हते, हे खरंच. आर्मस्ट्राँग त्यांच्या जावयाचा गावातला एकमेव धंदेवाईक प्रतिस्पर्धी. तो बाजूला झाला की सगळी वकिली जावयाकडे येणार. आर्सेनिक डेव्हिस यांच्या दुकानात, लघवीच्या नमुन्यासाठी वापरलेली बाटली डेव्हिस यांच्याकडची, चॉकलेटचा डबा त्यांच्या लेकीच्या घरात कित्येक दिवस उघडा पडलेला. आजच्या कोर्टात असा नमुना आला तर बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या करेल. तेव्हाच्या बचावानेही बाटलीवरून प्रश्न उठवले होते. रहस्यकथेतल्या वयस्क तपासनिसाला हा त्रास कधी होत नाही, कारण लेखकाने त्याला कुणाचा सासरा केलेलं नसतं.

तरी हा आक्षेप मला शेवटपर्यंत नेता येत नाही. बाटली बाद करा, चॉकलेटंही बाद करा. मार्टिनला खरोखरच पित्ताचा झटका आला होता, असंही वादासाठी धरून चाला. उरतं काय? दहा महिने पुरलेल्या प्रेतातलं आर्सेनिक, ज्याच्या जवळपास डेव्हिस कधी फिरकले नव्हते. सोबतीला उठता न येणारी रोगी आणि नवऱ्याच्या अक्षरातलं मृत्युपत्र. आणि खिशातली विसावी पुडी, जी लंडनहून आलेल्या पोलिसांना सापडली.